मोरखिंडकरांची निळी शीर

"हात पुढं कर," हौसाआत्या म्हणाली. "उताणा. मूठ मिटू नकोस."

मोरीतल्या कपडे धुवायच्या दगडावर ती ठाण मांडून बसली होती. समोर वाटीत कपड्यांना घालायची नीळ खोबरेल तेलात कालवून ठेवलेली, आणि हातात टोकाला कापूस गुंडाळलेली काडी. मी नुकतीच न्हाऊन केस वाळवत होते. मला वाटलं, मेंदीसारखं काहीतरी असेल.

"आत्या, हे काय काढलंस?"

"शिरा काढायच्या हायत. मनगटाला दोन आन् आतल्या अंगानं कोपरापातुर एक. बारीक. वरनं पावडर फिरवली की कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"सांगाय कशाला पायजे? मोरखिंडकरांच्यात पोरगी दावायची म्हंजे नीळ लावूनच न्यायची. निम्म्या कोल्हापूरला ठावं हाय. गेल्या साली साळुंख्यांची न्हेली हुती, तिला बी लावलीती."

"मग ती नापास कशी झाली?"

"घामानं फिसकटली आसंल," आत्या शांतपणे म्हणाली. "म्हणून तर म्या तेल घातलंय."

मी हात मागे घेतला. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमचं घर तीच चालवत होती, आणि मी सव्वीस वर्षांची होऊनही बिनलग्नाची राहिले याचा दोष ती माझ्या शिक्षणाला आणि माझ्या कातडीला अर्धा अर्धा वाटून द्यायची. रंगानं मी गव्हाळ. म्हणजे तशी म्हणायची पद्धत आहे. आमच्यात गोरी, निमगोरी, गव्हाळ अशा पायऱ्या आहेत, आणि गव्हाळच्या खाली कुणी उतरतच नाही. त्याच्या खालच्या मुलींना 'नाकीडोळी नीटस' म्हणतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, पण स्थळं सांगताना ते शेवटी यायचं, तेही जरा आवाज खाली आणून, एखाद्या आजारासारखं.

आता हे मोरखिंडकर कोण, ते सांगते. मोरखिंडकर सरकार. जहागीर कधीच गेली होती, पण 'सरकार' हे बिरुद काही कुणी परत मागून घेतलं नव्हतं, म्हणून ते घरातच होतं. पन्हाळा रोडला बंगला होता, दोन पेट्रोल पंप होते, आणि एक रीत होती. त्या रीतीला ते 'नीळ बघणं' म्हणायचे. मुलगी बघायला बसवली की पडदे ओढायचे, तिचा हात उताणा धरायचा आणि टॉर्चच्या उजेडात मनगटावरची शीर निळी दिसते का ते बघायचं. दिसली तर सून. नाही दिसली तर चहापोहे खाऊन घरी.

ही रीत कुठून आली, ते मला त्यांच्या मुलानंच सांगितलं होतं. धैर्यशील त्याचं नाव. आईबाप नाव ठेवतात तेव्हा पोराकडून काही वचन घेत नाहीत, त्याला तो बिचारा काय करणार. आम्ही विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसलो होतो. तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला तिथल्या लायब्ररीत यायचा, मी माझ्या तासांची टिपणं काढायला जायचे.

"पणजोबांना एकदा रेसिडेंटसाहेबानं जेवायला बोलावलं होतं," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर साहेब ग्लास हातात घेऊन उभा राहिला आणि भरसभेत पणजोबांना 'ब्लू-ब्लडेड' म्हणाला. कारभाऱ्यांनी तिथल्या तिथं मराठी करून सांगितलं, की साहेब म्हणतात, सरकारांचं रक्त निळं आहे. पणजोबा घरी आले, दिव्याखाली स्वतःचा हात धरला, तर खरंच निळं! गोरेपान होते ना ते. तेव्हापासून सून आणताना बघतात."

मी हसत सुटले. तोही हसला. मला वाटलं, आम्ही एकाच गोष्टीला हसतोय.

"आणि नाही दिसली तर?" मी विचारलं.

"दिसते गं. सगळ्यांची दिसते."

"माझी नाही दिसत. हे बघ."

त्यानं माझा हात हातात घेतला, बघितला, हलकेच टेबलावर ठेवला, आणि पोऱ्याला हाक मारून अजून दोन चहा सांगितले.

मी त्याच्यावर प्रेम करत होते, हे इथंच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना 'हिला तो मुळात नकोच होता' असं कुणी म्हणायला नको. मला तो हवा होता, फार हवा होता. तो ऐकायचा. मी बोलत असताना घड्याळाकडे बघायचा नाही. भाजलेल्या शेंगा आणायचा आणि सोलून दाणे माझ्या बाजूला सरकवायचा. सव्वीस वर्षांच्या बाईला एवढ्यावर माणूस चांगला वाटू शकतो. वर्षभर आम्ही भेटत होतो, आणि शेवटी त्यानंच घरी माझं नाव काढलं होतं. तेवढं तरी केलं म्हणून मी खूश होते.

म्हणून मी आत्याची नीळ लावून घेतली नाही. तत्त्वबित्त्व काही नव्हतं त्यात. मला बघायचं होतं, शीर दिसली नाही की तो काय करतो ते.

"भोग आपल्या कर्माची फळं," म्हणत आत्यानं वाटी मोरीत उपडी केली. मोरी निळीशार झाली.

बंगल्यावर आम्ही तिघं गेलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत्या आणि मी. अण्णा पाटबंधाऱ्यात ओव्हरसीअर. धरणाच्या भिंतीवर उभं राहून ते ठेकेदाराला आईबहिणीवरून बोलायचे, पण 'सरकार' म्हटलं की त्यांची पाठ आपोआप वाकायची. फाटकातून आत शिरतानाच त्यांनी टोपी काढून परत घातली. कशासाठी, त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवाणखान्यात भर दुपारी पडदे ओढलेले होते. भिंतीवर तलवार होती, तिला धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळलेलं. त्याखाली पणजोबांचं मोठं तैलचित्र. चित्रकारानं त्यांची बाही मुद्दाम वर घेतली होती आणि मनगटावर निळा रंग असा काही थापला होता, की शीर कुठली, विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर वाटावा. पणजोबांच्या चेहऱ्यावर त्या शिरेचा अभिमान होता आणि बाकी काही नव्हतं.

सरकार कोचावर बसले होते. मोठी मिशी, मोठं पोट, आणि डोळे बारीक करून बघायची सवय. चष्मा होता, पण परक्यांसमोर तो लावणं त्यांना शोभत नसे, असं धैर्यशीलनं मला सांगितलं होतं. त्यांच्या शेजारी आईसाहेब, म्हणजे धैर्यशीलची आई. डोक्यावरून पदर, ताठ बसलेल्या, एक शब्द नाही. आणि समोरच्या खुर्चीत धैर्यशील, इस्त्रीच्या सदऱ्यात, जणू परीक्षा त्याचीच होती.

पोहे झाले. सरकारांनी अण्णांना धरणात पाणी किती ते विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत माझ्याकडे वळले.

"आपण इंग्रजीच्या प्राध्यापक आहात म्हणे."

"हो."

"मग आमच्या घराण्याचा शब्द आपल्याला ठाऊक असणारच. ब्लू-ब्लडेड. जरा त्याची फोड करून सांगा आम्हाला. कुठला शब्द, काय मूळ. आजवर इथं आलेल्या मुलींत हे विचारावं अशी कुणी आलीच नाही."

अण्णा खोकले. तो खोकला मला लहानपणापासून ओळखीचा. त्याचा अर्थ 'गप्प बस'. पण प्रश्न मला विचारला होता, आणि विषय माझा होता.

"शब्द मूळचा इंग्रजांचा नाही," मी म्हणाले. "त्यांनी तो स्पेनमधून उचलला. स्पेनवर काही शतकं मूर लोकांचं राज्य होतं. ते रंगानं सावळे. तिथली काही जुनी घराणी म्हणायची, आमच्यात कुणाची भेसळ नाही, ना मुरांची, ना ज्यूंची. मग पुरावा काय? तर बाही वर करून हात दाखवायचे. कातडी पांढरी, म्हणून खालची शीर निळी दिसायची. त्यावरून ते स्वतःला निळ्या रक्ताचे म्हणवून घ्यायला लागले. इंग्रजांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं, आणि पुढं त्याचं विशेषण झालं."

सरकार पुढं सरकले. मिशीखालचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"म्हणजे स्पेनमध्येसुद्धा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत का? स्पेनमध्येसुद्धा मनगटच बघायचे! आमचीच रीत! अहो, खानदानी माणसं जगात कुठंही जा, एकाच पद्धतीनं विचार करतात."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसेल.

"सरकार, रक्त निळं नसतंच," मी जरा स्पष्टच बोलले. "सगळ्यांचं लालच असतं. त्या शब्दाचा रक्ताशी काही संबंध नाही, फक्त कातडीशी आहे. शेतात राबणाऱ्याची कातडी रापते, म्हणून त्याची शीर दिसत नाही. ज्यांनी जन्मात उन्हात काम केलेलं नाही, त्यांची दिसते. निळ्या रक्ताचा म्हणजे सावलीत बसून दुसऱ्याच्या कष्टाचं खाल्लेला. एवढाच त्या शब्दाचा उगम."

अण्णांचा खोकला थांबला. आत्यानं डोळे मिटले. धैर्यशील आपल्या खुर्चीच्या खोळीची झालर सरळ करत होता.

"अगदी बरोबर!" सरकार गरजले. "आमच्या घराण्यात कुणी म्हणजे कुणी कधी उन्हात काम केलेलं नाही! पाच पिढ्या!" त्यांनी हाताचा पंजा पसरून दाखवला. "वा! आपण हे सगळं मला लिहून द्या. घराण्याची स्मरणिका काढतोय आम्ही, त्यात छापू. फोटोसकट."

माणसाला तोंडावर आळशी आणि आयतोबा म्हणावं आणि त्यानं ते छापायला मागावं, असा अनुभव मला पुन्हा कधी आला नाही. पुढं मी कॉलेजच्या बऱ्याच समित्यांवर बसले, तरी नाही. अपमान करायलाही समोर थोडी अक्कल लागते. तेवढ्यात आईसाहेबांनी पदराचं टोक ओठांशी नेलं. त्यांना ठसका लागला असेल असं मला तेव्हा वाटलं.

मग मुख्य कार्यक्रम. सरकारांनी टीपॉयच्या खालून तीन सेलची टॉर्च काढली. टॉर्च धरायचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा आणि शीर बघायचा मान कर्त्या बाईचा, अशी विभागणी होती. मी आईसाहेबांसमोर पाटावर बसले. त्यांनी माझा उजवा हात घेतला, उताणा केला. सरकारांनी झोत टाकला, तो आधी माझ्या घड्याळावर पडला, मग पणजोबांच्या मिशीवर, मग एकदाचा मनगटावर.

मनगटावर काहीही नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. मातीच्या रंगाचं माझं मनगट, जसं रोज असतं तसं.

आईसाहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला. एकदा हळू, एकदा दाबून. मग स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघितला. पुन्हा माझं मनगट. वेळ जायला लागला. आत्याचा श्वास मला मागून ऐकू येत होता.

मी धैर्यशीलकडे बघितलं.

त्याला सगळं दिसत होतं. आईचं थांबणं दिसत होतं, माझा हात दिसत होता, मी त्याच्याकडे बघतेय हेही दिसत होतं. त्यानं समोरची पोह्याची बशी उचलली. ती रिकामी होती. चिकटलेला एक शेंगदाणा त्यानं बोटानं सोडवायला घेतला, आणि सोडवत राहिला. मला कडकडून राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्याची सबब सुचायला लागली. घाबरलाय. वडिलांसमोर बोलायची सवय नाही. आता बोलेल. आत्ता मान वर करेल.

"आहे," आईसाहेब म्हणाल्या. "छान निळी आहे."

"आहेच की!" सरकार वाकून म्हणाले. "स्पष्ट दिसतेय. पन्हाळ्यावरून दिसेल अशी आहे!" ते माझ्या डाव्या हातावरच्या घड्याळाच्या पट्ट्याकडे बघत होते. पट्टा निळा होता.

धैर्यशीलनं तो शेंगदाणा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून झकास हसला. 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं ते हसणं होतं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या माझ्या मनगटाकडे बघत होती, तोंडाचा आ वासून. आपण लावलेली नसताना शीर कुठून उगवली, हे तिला कळेना.

आईसाहेब उठल्या. "कुंकू लावते. आत चला," म्हणाल्या, आणि मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. दार त्यांनी आतून लावलं.

"बसा."

मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी कपाटातून साडी काढली, पण दिली नाही. मांडीवर ठेवून बसल्या.

"तुम्हाला कुणी नीळ नाही लावली?"

"आत्या लावत होती. मी नाही लावून घेतली."

"तरीच. अंगठ्याला काही लागलंच नाही माझ्या. मागच्या सगळ्या मुलींनंतर मला साबणानं हात धुवावा लागायचा."

"शीर दिसत नव्हती," मी म्हणाले. "आपण 'आहे' का म्हणालात?"

"माझी तरी कुठं होती?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं लावून पाठवली होती. सासूबाईंनी बघितलं, बोट निळं झालं, ते पदराला पुसलं, आणि 'आहे' म्हणाल्या. त्यांच्या सासूनं त्यांच्या वेळी तेच केलं होतं, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. ह्या घरात आलेल्या एकीचीही शीर निळी नव्हती."

"आणि सरकारांना हे..."

"काय कळतंय त्यांना? टॉर्च धरतात." त्यांनी साडीची घडी हातानं साफ केली. "ह्या घरात बायकांना विचारून काहीही होत नाही. जमीन विकली, विचारलं नाही. पंप घेतला, विचारलं नाही. मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न, काही नाही. पण सून कोण यायची, ते मात्र आम्हीच ठरवतो. पहिल्यापासून. हवी ती आली की शीर निळी, नको ती आली की नाही. साळुंख्यांची मुलगी दिसायला कशी चांगली होती. पण सारखी मोलकरणीवर डाफरत होती. म्हटलं, नाही बाई, हिची शीर काही दिसत नाही."

येताना त्या घरातल्या माणसांबद्दल माझ्या मनात एकच ठरलेलं मत होतं, आणि त्यात मी ह्यांनाही धरून ठेवलं होतं. पणजोबांपासून सगळे पुरुष आपल्या निळ्या रक्ताची राखण करतायत, आणि राखण चाललीय कसली, तर धुण्याच्या निळीची! मला हसू आलं. त्याही हसल्या. मघाचा तो ठसका नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"मग माझी का निळी?" मी विचारलं.

"काही न लावता आलात म्हणून. आणि ह्यांना तोंडावर आयतखाऊ म्हणालात म्हणून. मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते." त्यांनी साडी पुढं केली. "घ्या. बाकीचं आपण दोघी मिळून बघू."

साडी सुंदर होती. तो हात पुढं झाला, तेवढाच माझाही झाला असता तर ही गोष्ट इथं संपली असती, आणि कदाचित सुखानं संपली असती. ती सासू मला आवडली होती. पण मला त्या शेंगदाण्याचा विसर पडेना.

"आईसाहेब, आपण बघत होतात तेव्हा तो काय करत होता?"

त्यांनी पुढं केलेली साडी परत मांडीवर घेतली. त्यांनीही बघितलं होतं तर.

"मला आपण पास केलंत. त्यानं नाही," मी म्हणाले. "मला शीर नव्हती हे त्याला ठाऊक होतं. मीच दाखवली होती. तरी तो मान खाली घालून बसला. उद्या ह्या घरात माझ्यावर काही आलं तर?"

"तो लहानपणापासून तसाच आहे. भिडस्त. पण वेळ आली की उठेल."

"कधी उठलेला बघितलाय?"

"वेळच आली नाही कधी."

"मग आज येऊ दे," मी म्हणाले. "आपण बाहेर जाऊन सांगा, नीट बघितलं, शीर नव्हती."

त्यांनी पदर सावरला. "तुम्हाला काही वेड लागलंय का? अहो, हे मी मागं घेऊ शकत नाही नंतर. मोरखिंडकरांनी नीळ नाही म्हणून परत पाठवली, असं जिल्हाभर होईल. तुमच्या वडिलांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"होऊ दे. तो उठला आणि म्हणाला, नसली तर नसली, मी हिच्याशीच लग्न करणार, तर मी ह्या घरात येईन. आनंदानं येईन, आणि आपण म्हणाल तसं वागेन. नाही उठला, तर बरंच झालं असं म्हणायचं."

आईसाहेबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं, आणि मला कळलं की ही बाई आता माझ्यासाठी बाहेर जात नाहीये. हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलेला होता, आणि उत्तर बघायचं धाडस केलं नव्हतं.

"माझा मुलगा आहे तो," त्या उठत म्हणाल्या. "बापावर नाही गेला. उठेल. बघाच तुम्ही."

मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला सांगू? आता तो उठणार, आणि मी आयुष्यभर त्याचा तो एक क्षण सांगत सुटणार, असं माझ्या मनात होतं.

दिवाणखान्यात पेढे आले होते. अण्णांच्या हातात पेढा होता, अर्धा खाल्लेला.

"सेल उतरलेत टॉर्चचे," आईसाहेब म्हणाल्या. "आत खिडकीपाशी उजेडात परत बघितलं. शीर नाही."

"नाही म्हणजे?" सरकार ताडकन उठले. "मी स्वतः बघितली!"

"आपण टॉर्च धरली होती. बघितली मी. नाही."

"पण आता पेढे..." सरकारांनी पेढ्यांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पणजोबांकडे, म्हणजे स्वतःच्या आजोबांकडे. आजोबांनी काही मदत केली नाही. ते धपकन खाली बसले. "मग कठीण आहे. मुलगी हुशार आहे, पण घराण्याची रीत म्हणजे रीत."

अण्णांनी उरलेला अर्धा पेढा कुठं ठेवावा ते न कळून खिशात घातला. "तरी म्या म्हटलं हुतं," आत्या माझ्या दंडाला चिमटा काढत पुटपुटली, "तेलातली टिकती म्हणून." सुदैवानं तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आईसाहेब मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला चुकून संधी मिळाली नाही असं पुढं कुणी म्हणू नये, याची त्यांनी काळजी घेतली.

"बाळराजे," त्या म्हणाल्या, "मुलगी तुम्ही पसंत केली होती. शीर नाही म्हणून ती परत चाललीय. तुम्हाला काही बोलायचं असलं तर आत्ता बोला."

धैर्यशीलनं आईकडे बघितलं. वडिलांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी त्याला काही खूण केली नाही, पण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मी 'ऊठ' म्हणत होते. माझा कण न् कण 'ऊठ' म्हणत होता.

आणि तो उठला.

खरंच उठला. बशी बाजूला ठेवली, सदरा खाली ओढला, घसा साफ केला. आईसाहेबांनी माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत केवढा अभिमान होता! मी मान हलवली. हरले मी, असं मला आनंदानं कबूल करायचं होतं.

"बाबासाहेब," धैर्यशील म्हणाला, "मला आधीपासून शंका होतीच. पण म्हटलं, आईसाहेब बघतील."

आणि तो खाली बसला. सरकारांनी मान डोलावली. पोरगं जाणतं झालं, अशी ती मान होती.

अण्णा उठले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची पाठ सरळ दिसली. "चल," ते मला म्हणाले. सरकारांना त्यांनी नमस्कारही केला नाही. आम्ही तिघं दाराकडे निघालो. मला रडू येत नव्हतं. संताप होता, किळस होती, आणि आपण अशा माणसाच्या हातचे सोललेले दाणे वर्षभर खाल्ले याची लाज होती. उंबऱ्यापाशी मी वळून बघितलं, शेवटचं एक काहीतरी बोलावं म्हणून. चांगलं झोंबणारं वाक्य तयार होतं जिभेवर.

पण ते बोलायची गरजच पडली नाही. आईसाहेब अजून तिथंच, मुलाच्या समोर उभ्या होत्या. तो पेढा घेत होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

माणसांकडे तुच्छतेनं बघण्यात मी काही कच्ची नाही. प्राचार्य, संस्थाचालक, कवी, पुढारी, सगळ्यांवर माझा हात बसलेला आहे, आणि विद्यार्थी अजून माझ्या नजरेच्या नकला करतात म्हणे. पण त्या दुपारी त्या बाईनं जसं बघितलं, तसं बघायला मला कधी जमलं नाही. त्यासाठी समोरचा पोटचा पोरगा असावा लागतो.